गाइडची सही

मी रायपूरहून बोलतोय, शंकर नगरातल्या माझ्या घरातून. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. या मालिकेत आपण राजे, लढाया, तह यांच्याबद्दल बोलत असतो. आज एका वेगळ्या सत्तेबद्दल बोलायचं आहे. तिच्याकडे फौज नसते, खजिनाही नसतो. असतं ते फक्त एक पेन. पीएच.डी.च्या गाइडचं पेन.

निमित्त घरातलंच आहे. मध्यंतरी एका संध्याकाळी बीटीआय मैदानाकडून फिरून परत आलो, तर ओळखीच्या घरातली एक मुलगी व्हरांड्यात बसलेली. रायपुरातली मराठी घरं एकमेकांना धरून आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या वेळेपासून आपली माणसं छत्तीसगडात आली, रुजली. गणपतीत, हळदीकुंकवात भेटत राहिली. या मुलीला मी शाळेत असल्यापासून ओळखतो. मांडीवर एक जाड फाइल होती. म्हणाली, "काका, पीएच.डी. सोडू का?"

ती दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठात संशोधन करते. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, तिने तशी अट घातली आहे. चौथं वर्ष चालू आहे. गाइड कायम नोकरीतले, नावाजलेले प्राध्यापक. तिने लिहिलेल्या शोधनिबंधावर पहिलं नाव सरांचं आणि दुसरं तिचं, असं ठरलं. तिने हळूच विचारलं, "सर, माझं नाव आधी येईल का?" त्या दिवसापासून सर चिडले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी फक्त "बघू" म्हणायला सुरुवात केली. प्रगती अहवाल टेबलावर पडून, सही नाही. सही नाही म्हणून फेलोशिप अडकलेली. फोन केला की "बघू". केबिनबाहेर दोन दोन तास उभं राहिलं की "आज नाही, बघू".

मी तिला धीर दिला. चहा झाला. उठताना तिने सहज विचारलं, "काका, तुमच्या वेळी असं व्हायचं का हो? तुम्ही लोक काय करायचात?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आजचं हे बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. प्राध्यापकाला कायम नोकरी का देतात? कारखानदार आपल्या माणसाला काढू शकतो, मग प्राध्यापकाला काढणं इतकं अवघड का?

उत्तर आपल्याच मराठी इतिहासात आहे. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लोकांना आज ज्याची जाहिरात रस्त्यावर दिसते, त्याबद्दल ते शंभर वर्षांपूर्वी उघड बोलत होते. कॉलेजचे चालक धर्मनिष्ठ. त्यांना हे खपेना. गणित शिकवण्यात रघुनाथरावांची चूक नव्हती. वर्गाबाहेर ते जे बोलत होते, ते नको होतं. 1925 साली त्यांना नोकरी सोडावी लागली. पुढे 1927 पासून 1953 पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, खटले सोसले, ओढगस्त सोसली.

अमेरिकेतही हेच झालं होतं. 1900 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड रॉस नावाचे प्राध्यापक होते. त्यांची मतं संस्थेच्या मालकीणबाई जेन स्टॅनफर्ड यांना पटली नाहीत, आणि रॉस यांना जावं लागलं. त्यांच्यासाठी आणखी काही प्राध्यापकांनी राजीनामे दिले. त्या धगीतून पुढे 1915 साली अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी आपली संघटना काढली. जॉन ड्यूई तिचे पहिले अध्यक्ष. हेच ड्यूई कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांचे शिक्षक होते. या संघटनेची मागणी अशी: काही वर्षं माणसाला पारखून घ्या, पण एकदा कायम केलं की सबळ कारण आणि रीतसर चौकशीशिवाय काढू नका. 1940 साली त्याचे नियम पक्के झाले. पारखण्याची मुदत जास्तीत जास्त सात वर्षं.

म्हणजे कायम नोकरी हे एक कवच आहे. मालक, सरकार, धर्मपीठ, जमाव यांच्या रागापासून सत्य बोलणाऱ्याला वाचवण्यासाठी दिलेलं. रघुनाथरावांकडे ते असतं, तर मराठी मुलखात एक मोठा गणिताचा मास्तर वर्गात टिकला असता. हे कवच काढून घ्या असं मी मुळीच म्हणणार नाही. पण कवच घातलेला माणूस वर बघतो तेव्हा एक दिसतं आणि खाली बघतो तेव्हा दुसरं. वरच्यांपासून त्याला संरक्षण आहे. त्याच्या खाली जो विद्यार्थी उभा आहे, त्याला त्याच्यापासून कोण वाचवणार? 1915 साली या प्रश्नाकडे फारसं कोणाचं लक्ष नव्हतं.

आता बंगळुरूला जाऊ. साल 1933. कमला भागवत नावाची मुलगी मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाली, रसायन आणि भौतिकशास्त्र घेऊन. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही बंगळुरूच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. थोरली बहीण दुर्गा. म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवत, ज्यांनी पुढे 1975 साली कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध केला. अशा घरातल्या मुलीने त्याच संस्थेत अर्ज केला, तर काय नवल? पण अर्ज नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेलं, साऱ्या देशाच्या गळ्यातले ताईत. त्यांचं म्हणणं, संस्थेत मुली घ्यायच्या नाहीत.

कमलाबाई बंगळुरूला गेल्या. समोर जाऊन विचारलं, कुठल्या नियमाने नाही म्हणता? काळ गांधींचा होता. त्यांनी सत्याग्रहाचीच भाषा धरली. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. गाइड सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करायचं. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही, म्हणजे आपल्यामुळे पुरुषांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही.

या तिसऱ्या अटीपाशी जरा थांबा. तिने काही केलेलं नाही. करेल अशी भीतीही तिच्याबद्दल नाही. दुसऱ्यांचं मन थाऱ्यावर राहावं याची जबाबदारी तिच्यावर. सत्ता अशीच चालते. ती गुन्हा एकाचा ठरवते आणि जामीन दुसऱ्याकडून घेते.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या आणि काम केलं. त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या शिस्तीचे, पण मनाने उदार. दूध, कडधान्यं यांच्यातल्या प्रथिनांवर त्यांनी काम केलं. वर्षभराने रामन यांचं समाधान झालं आणि संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं. पुढे कमलाबाई केंब्रिजला गेल्या, नोबेल विजेते हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत. वनस्पतींच्या पेशींमध्येही 'सायटोक्रोम सी' असतं, हे त्यांनी दाखवलं. प्रबंध होता चाळीसेक पानांचा! 1939 साली डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं जातं. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेवर त्यांनी केलेल्या कामाला राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. पण ती पहिल्या वर्षाची वागणूक त्या म्हातारपणीही विसरल्या नव्हत्या. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

रामन मोठे शास्त्रज्ञ होते, यात वाद नाही. मोठेपण आणि अन्याय एकाच माणसाच्या अंगात सुखाने नांदू शकतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने लवकर शिकून घ्यावं. नाहीतर आपण एकाच्या नावाखाली दुसरं झाकत बसतो.

त्याच्या थोडं आधी एक मराठी मुलगी बर्लिनमध्ये होती. इरावती कर्वे. जन्म 1905, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून नाव. लग्न महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी. म्हणजे ज्या रघुनाथरावांची नोकरी गेली, त्यांची ही भावजय. मुंबईला एम.ए. करून 1928 साली त्या बर्लिनला गेल्या. तिथे मानववंशशास्त्राच्या एका मोठ्या संस्थेचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. या फिशर यांचे वंशाबद्दलचे सिद्धांत पुढे नाझींना फार उपयोगी पडले; 1933 साली ते बर्लिन विद्यापीठाचे प्रमुखही झाले.

फिशर यांनी इरावतीबाईंना विषय दिला कवट्यांचा. गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी उजव्या-डाव्या बाजूंनी असमान असते, आणि त्या असमानतेत त्याच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व आहे, असं त्यांचं अनुमान. इरावतीबाईंनी ते मोजून दाखवायचं. त्यांनी 149 कवट्या मोजल्या. उत्तर आलं: कवटीच्या असमानतेचा वंशाशी काही संबंध दिसत नाही.

आता त्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. परका देश, परकी भाषा. पदवी ज्याच्या हातात, त्याचाच सिद्धांत आपल्या मोजपट्टीखाली खोटा ठरतोय. दोन आकडे इकडचे तिकडे केले असते तर कोणाला कळलं असतं? त्यांनी आकडे आहेत तसे लिहिले. फिशर यांनी पदवी अडवली नाही, पण श्रेणी दिली सगळ्यांत खालची. 1930 साली डॉक्टर होऊन इरावतीबाई परतल्या. पुढे पुण्याचं डेक्कन कॉलेज, आणि 'युगान्त', हे सगळं आपल्याला ठाऊक आहेच. आज फिशर यांची ती खालची श्रेणी हे इरावतीबाईंच्या आयुष्यातलं एक पदक वाटतं.

या दोन गोष्टी ऐकून कोणी म्हणेल, गाइड म्हणजे असेच. तसं नाही. तिसरी गोष्ट लंडनची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होते. मार्गदर्शक एडविन कॅनन. ब्रिटिश सरकारच्या चलनधोरणावर बाबासाहेबांनी कडक टीका केली होती. 1923 साली पदवी मिळाली आणि प्रबंध पुस्तक म्हणून छापला गेला. त्याला प्रस्तावना कॅनन यांची आहे. त्या प्रस्तावनेत ते सरळ सांगतात की लेखकाच्या बऱ्याच मुद्द्यांशी आपण सहमत नाही. तरीही पुस्तकाच्या ताजेपणाचं ते कौतुक करतात. विद्यार्थी आपल्याशी असहमत आहे हे जगाला सांगून त्याच्या पुस्तकाला स्वतःचं नाव जोडणारा गाइड! सत्ता तीच, पेन तेच. वापर वेगळा.

आता मला या गोष्टींतून काय दिसतं ते सांगतो. कमलाबाई आणि इरावतीबाई गुणी होत्या, धीट होत्या, हे खरंच. पण त्या तरल्या, कारण त्यांना मागे उभं राहणारं काहीतरी होतं. कमलाबाईंचे वडील आणि काका त्याच संस्थेतले. तिथली भाषा, तिथले नियम घरात बोलले जायचे. इरावतीबाईंना परतायला कर्व्यांचं घर होतं, जिथे खरं बोलून नोकरी घालवणं नामुष्कीचं मानत नसावेत. ज्यांना असं कोणी नव्हतं, त्यांचं काय झालं? त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. प्रबंध पुरा झाला तर ग्रंथालयात जातो. अर्धा राहिला तर घरच्या माळ्यावर.

काम पुरं करूनही पदवी न मिळालेल्या एका बाईंचं नाव मात्र माहीत आहे. ॲना मणी. रामन यांच्याच प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांवर काम केलं, 1945 साली मद्रास विद्यापीठाला प्रबंध सादर केला. विद्यापीठ म्हणालं, तुमच्याकडे एम.एस्सी. नाही, पदवी देता येत नाही. तो प्रबंध बंगळुरूला रामन संशोधन संस्थेत तसाच राहिला. त्या पुढे भारतीय हवामान खात्याच्या उपमहासंचालक झाल्या, पण डॉक्टरेटशिवाय.

आणि जातीचा विषय टाळून हे बोलणं पुरं होणार नाही. 2007 साली दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाच्या तक्रारींवर एका समितीने अहवाल दिला. समितीचे अध्यक्ष आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी समितीला जे सांगितलं, त्यात शिव्यागाळी हा भाग लहान होता. मोठा भाग होता तो शिक्षकाने वेळ न देण्याचा, प्रात्यक्षिकात आणि तोंडी परीक्षेत गुण कापले जाण्याचा. लेखी पेपर दुसरा कोणी पुन्हा तपासू शकतो. तोंडी परीक्षेचा पुरावा कुठे असतो? जिथे पुरावा राहत नाही, नेमकी तिथेच ही सत्ता बसते. "बघू" या शब्दाचाही पुरावा राहत नाही.

आता माझी गोष्ट. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर.

1990 च्या दशकात मी एका महाविद्यालयात शिकवत होतो. आमच्या विभागप्रमुखांकडे एक खेड्यातला मुलगा संशोधन करायचा. तो सरांचा गॅस सिलिंडर आणायचा, सरांच्या मुलीला शाळेत सोडायचा, सरांच्या पुस्तकाची प्रुफं तपासायचा. आम्ही सगळे बघायचो, हसायचो. म्हणायचो, गुरुसेवा आहे, आपणही केली. पुढे सरांच्या पुस्तकात एक प्रकरण आलं, ते त्या मुलाचं होतं. मला ठाऊक होतं, कारण त्याचं हस्तलिखित मी वाचलं होतं. त्याने तक्रार केली नाही. फक्त सरांच्या घरी जाणं बंद केलं. सहा महिन्यांनी त्याचा अहवाल समितीपुढे आला. सरांनी लिहिलं होतं, 'प्रगती समाधानकारक नाही'. समितीत आम्ही तिघं होतो. कागद फिरत माझ्यापुढे आला. माझी वेतननिश्चितीची फाइल तेव्हा सरांच्या टेबलावर होती. मी सही केली.

तो मुलगा निघून गेला. पुढे काय करतो, मला माहीत नाही. आजवर मी ही गोष्ट सांगताना 'आमचे प्रमुख फार वाईट होते' अशी सांगत आलो. पण त्या कागदावर दोन सह्या होत्या, आणि दुसरी माझी होती. मी तेव्हा कायम झालो होतो. मला कोणी काढू शकत नव्हतं. जे कवच रघुनाथरावांना मिळालं नाही, ते माझ्या अंगावर होतं, आणि मी ते घालून गप्प बसलो.

म्हणून मला वाटतं, वाईट गाइड ही अर्धी गोष्ट आहे. बाकी अर्धी म्हणजे शेजारच्या खुर्च्या. एकट्या माणसाची मनमानी फार काळ चालत नाही. तिला आजूबाजूच्या सुरक्षित माणसांचं मौन लागतं.

आज नियम पूर्वीपेक्षा बरे आहेत. यूजीसीच्या 2022 च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे एका प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त आठ संशोधक, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार. दर सत्रात संशोधकाने सल्लागार समितीपुढे काम मांडायचं असतं, म्हणजे गाइडशिवाय इतर डोळेही ते पाहतात. शोधनिबंध छापून आणण्याची सक्तीही त्या नियमांनी काढली. 2015 च्या नियमांनी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे. 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्या वर लोकपाल आहे. पण समिती म्हणजे तरी कोण? तीन-चार खुर्च्या आणि त्यांवर बसलेली माझ्यासारखी माणसं.

दुसऱ्या रविवारी मी त्या मुलीला बोलावलं आणि ही सगळी गोष्ट सांगितली, माझ्या सहीसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, त्याचं नाव आठवतं?" आठवतं. मी सांगितलं.

मग आम्ही फाइल उघडली. प्रत्येक भेटीची तारीख एका वहीत उतरवली. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी साध्या, नम्र ईमेलने सरांना कळवायचं ठरलं: 'आज आपण असं सांगितलंत, त्याप्रमाणे मी असं करते.' "बघू"ला तारीख लागली की त्याचा निम्मा जोर जातो. निबंधाचे जुने मसुदे तारखेसह जपून ठेवायचे. आणि सल्लागार समितीतल्या दुसऱ्या एका बाईंना वेळ मागायची. तिला भीती होती, त्या तरी कशाला मध्ये पडतील? मी म्हटलं, पडतील का ते मला सांगता येणार नाही. पण विचार. मला त्या वेळी कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर निदान नाही म्हणताना मान खाली गेली असती.

ती पुढच्या आठवड्यात विद्यापीठात परत गेली. पीएच.डी. चालू आहे. सही अजून झालेली नाही. वहीत मात्र नोंदी वाढतायत.

तुमच्यात कोणी संशोधक असाल, तर वही आजच सुरू करा. आणि कोणी प्राध्यापक असाल, कायम झालेले, तर पुढच्या वेळी समितीत एखादा कागद फिरत तुमच्यापुढे येईल. वरची सही बघून खाली सही करू नका. आधी त्या मुलाला आत बोलवा आणि त्याचं म्हणणं ऐका. दहा मिनिटं लागतात. मी ती दिली नव्हती.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.